नावाचा रकाना

बिडकीनच्या कामाची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाटलं होतं, सगळ्यात सोपा रकाना नावाचा असेल. कामं कोणती, त्यातलं आधी कुठलं, नंतर कुठलं, प्रत्येकाला किती वेळ लागेल, हे अवघड. पण अमुक काम कोण करणार हे कुणालाही विचारलं की कळेल. मी या सॉफ्टवेअरचा ऑनलाइन कोर्स केला होता. त्यात शिकवणारा माणूस या रकान्यावर जेमतेम थांबला होता. इथे नाव लिहा, म्हणाला आणि पुढे गेला.

आमची शेड चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मुकुंदवाडीच्या आमच्या घराहून स्कूटीवर जवळ पडते. तिथे कारखान्यांसाठी लोखंडी रॅक, जिने, माळे बनवतात. बिडकीनजवळ उभ्या राहणाऱ्या एका नव्या कारखान्यात मोठा लोखंडी माळा बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. तो वेळेत गेला तर त्या माळ्यावरून माल पुढे सरकवणारा पट्टाही आम्हालाच करायला मिळणार होता. पट्ट्याचं काम माळ्यापेक्षा कितीतरी मोठं. त्या कारखान्याची अट एवढीच होती, की कामाचं वेळापत्रक त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, म्हणजे त्यांना तिकडे बसून ते कधीही बघता येईल. ते भरायला मला घेतलं होतं.

मालकांना सगळे सर म्हणतात. त्यांनी मला काचेच्या खोलीत एक टेबल दाखवलं आणि म्हणाले, "पट्टा मिळाला तर तू कायम. नाही मिळाला तर बघू."

त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला कळला. म्हणजे पुणे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली तिथेच गेल्या होत्या आणि बाबा अधूनमधून जेवताना त्यांची चौकशी करायचे. मला जायचं नव्हतं. का, ते मी घरी सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. मला हे टेबल राहायला हवं होतं, एवढं पुरे.

शेडमधलं खरं काम अण्णा बघायचे. अण्णा सरांचे चुलत भाऊ, वयाने मोठे. पैठणच्या वाटेवर त्यांचं गाव, तिथे शेती. सकाळी रानात चक्कर मारून मोटारसायकलवर यायचे, त्यामुळे पांढऱ्या शर्टाला कुठेतरी हिरवा डाग असायचाच. अण्णांनी कुणाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. फोन आला की "व्हय व्हय, व्हऊन जाईल." दुसरा आला, त्यालाही तेच. हायड्रा, म्हणजे पुढे हूक असलेली ती पिवळी क्रेन, आमच्याकडे एकच आहे. अण्णा ती एकाच दुपारी तिघांना देऊन मोकळे व्हायचे. मग तिघंही शेडच्या दारात उभे राहून एकमेकांना तंबाखू द्यायचे. कुणी चिडायचं नाही, हे मला फार विचित्र वाटायचं.

मी त्यांच्याकडे माहिती घ्यायला गेले.

"अण्णा, प्लेटचं कटिंग कधीपर्यंत होईल?"

"पोळ्याच्या आत."

"आणि प्रायमर?"

"महालक्ष्म्या बसायच्या आधी."

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या घरी सगळे सण होतात, पण ते आईच्या खात्यात असतात. घरात पुरणाचा वास आला की मला कळतं. मी टेबलाखाली फोन धरून एकेक सण शोधायचे आणि त्याची तारीख टाकायचे. अण्णांना ते दिसायचं.

"शाळेत शिकवलं नाय का गं पोरी?"

"नाही."

"मंग काय शिकवलं?"

मी विचारलं, "हे सगळं करणार कोण? प्रत्येक कामापुढे नाव लिहायचंय."

"कोण म्हंजी? मीच की. लिव्ह."

"सगळीकडे?"

"समदीकडं."

मला बरं वाटलं. नाव एकदा लिहिलं आणि खालपर्यंत ओढत नेलं. संध्याकाळी सरांनी अण्णांचा मोबाइल नंबरही त्यात टाकायला सांगितला. तोही टाकला.

त्या सॉफ्टवेअरला एक सवय आहे. कामाची तारीख उलटून गेली आणि काम झाल्याची खूण कुणी केली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपलं आपण संदेश पाठवतं. ज्याचं नाव, त्याला. पडद्यावर ते नाव लालही होतं. शिवाय एक काम रखडलं की त्याच्यावर अवलंबून असलेली पुढची सगळी कामंही रखडली असं धरतं आणि त्यांचेही संदेश पाठवतं. आमच्याकडे प्लेट यायची तारीख पोळ्याच्या बरीच आधी होती, त्याच उशिरा आल्या. कटिंग थांबलं. सकाळी अण्णांच्या फोनला संदेश जायला लागले.

पुढचं मला आमच्या पेंटर चाचांनी सांगितलं. त्या दिवशी अण्णांकडे व्याही आले होते. ओसरीवर चहा चालला होता आणि फोन सारखा वाजत होता. संदेश इंग्रजीत. अण्णांनी फोन सुनेकडे दिला. सून शिकलेली आहे. तिने वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "मामा, तुमचं काम वेळेत झालेलं नाही म्हणतेत." तेवढ्यात पुढचा आला. "हे बी नाही झालं म्हणतेत." मग त्याच्या पुढचा. व्याही म्हणाले, "काय पावणं, आमच्या पोरीला तिकडं नोकरीला लावा, निदान कळवते तरी वेळेवर."

चाचा सांगताना हसत होते. मला हसू आलं नाही.

अण्णा शेडमध्ये आले ते सरळ काचेच्या खोलीपाशी. दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. आधी कधी काढल्या नव्हत्या.

"मॅडम, येऊ का आत?"

मी उभी राहिले. कालपर्यंत मी 'पोरी' होते.

"आमचं नाव तेवढं काढा तुम्ही त्याच्यातून."

"अण्णा, ते मेसेज आपोआप जातात. मी पाठवत नाही."

"आपोआप कसं जातील? नाव तर तुम्हीच लिव्हलं ना?"

ते खरं होतं. त्यांनीच सांगितलं होतं हेही खरं होतं, पण तेव्हा मला ते म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

"रागवलो नाय मी," अण्णा म्हणाले. "पण सुनंच्या तोंडून, ते बी व्याह्यासमोर. इज्जत हाय का नाय माणसाला?"

ते गेल्यावर मी त्यांचं नाव काढलं. सगळे चौकोन रिकामे झाले आणि फाइल साठवली जाईना. नाव पाहिजेच, असं सांगत राहिली.

सरांकडे गेले. ते फोनवर होते. हाताने माइक झाकून म्हणाले, "मग वेल्डरचं टाक वेल्डिंगला, पेंटरचं टाक रंगाला. सोपं आहे की."

वेल्डर माझ्याहून थोडाच मोठा असेल. त्याने तोंडावरची काच वर केली. "ताई, अण्णा असताना माझं नाव? मला शेडातून काढायचं ठरवलंय का कुणी?"

"अहो, काम तर तुम्हीच करता ना?"

"काम करणं येगळं. नाव लावणं येगळं."

मी चाचांकडे गेले. ते डब्यातला रंग काठीने ढवळत होते. "नक्को बेटा, मेरा नाम नक्को. अण्णा हैं ना. उनो बोले तो रंग मारता मैं, नई बोले तो नई मारता."

"पण चाचा, अण्णांनी त्यांचं नाव काढायला सांगितलंय."

"हौ, मालूम," चाचा म्हणाले आणि ढवळत राहिले, जणू या दोन गोष्टींत काहीच अडचण नाही.

मी 'वर्कशॉप' असं लिहून बघितलं. सॉफ्टवेअरने वर्कशॉपचा मोबाइल नंबर मागितला. नुसतं 'टीम' लिहिलं. टीमचाही मागितला.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत होती तेव्हा मी तिला विचारलं, अर्थात थोडंसंच, की एखाद्याचं नाव लिहिलं म्हणून माणूस का रागावतो आणि नाही लिहिलं म्हणूनही का रागावतो. आई लगेच लग्नाच्या पत्रिकांवर गेली. माझ्या मावसभावाच्या लग्नात पत्रिकेवर सगळ्यात वर ज्या आजोबांचं नाव होतं, ते तेव्हा अंथरुणावर होते. लग्नाचं त्यांना सांगितलं तर कुणाचं असं विचारायचे. ज्या मामाने हॉल बघितला, आचारी ठरवला, वरात सांभाळली, त्याचं नाव शेवटच्या ओळीतसुद्धा बसलं नव्हतं.

"मग मामाला वाईट नाही वाटलं?"

"मामाला कशाला वाटेल? तो तर तिथेच होता. वाईट वाटलं त्या दुसऱ्या काकांना. त्यांचं नाव चुलत्यांच्या खाली छापलं म्हणून. अजून बोलत नाहीत." आईने माझ्याकडे नीट बघितलं. "तू कुणाचं नाव कुठे टाकलंस?"

"कुठे नाही."

मी माझ्या खोलीत जाऊन विचार करत राहिले. आमच्या कॉलनीतल्या देवळात पंख्याच्या पात्यावरही कुणाकुणाची नावं आहेत, पंखा फिरताना ती वाचता येत नाहीत आणि तरी कुणाची तक्रार नाही. आपल्याकडे नाव मानासाठी लिहितात. त्या सॉफ्टवेअरमध्ये जाब विचारण्यासाठी लिहितात. एवढं मला कळलं. पण मग मी काय करायचं, ते कळलं नाही. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं बरोबर वाटत होतं, आणि फाइल तर साठवायला हवी होती.

सकाळी मी प्रत्येक चौकोनात माझं नाव लिहिलं.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग, घासकाम, प्रायमर, रंग, हायड्रा, गाडी भरणं, बिडकीनला माळा उभा करणं, सगळीकडे मी. संदेश माझ्या फोनला यायला लागले. मी आवाज बंद करून ठेवला. शेडमध्ये सगळे एकदम मोकळे झाले. अण्णा पुन्हा जाताजाता काचेवर टकटक करून "जेवलीस का?" विचारायला लागले. मला वाटलं, माझं नाव लाल झालं तर कुणाचं काय बिघडतं? माझे कुणी व्याही नाहीत.

पण सॉफ्टवेअरला ते पटेना. माझ्या नावाच्या ओळीत डाव्या बाजूला एक छोटा लाल माणूस उभा राहिला. त्याचा अर्थ, या व्यक्तीवर झेपणार नाही इतकं काम आहे. त्याच्यावर बोट नेलं की एक सल्ला यायचा, भार सारखा वाटून द्यायचा का? मला तो लाल माणूस बघवत नव्हता. मी हो म्हटलं.

सॉफ्टवेअरने भार वाटला, पण वाटणार कुणात? माणूस एकच होता. त्याने माझी सगळी कामं एकापुढे एक मांडली. म्हणजे मी आधी एकटीने सगळं कटिंग करणार, ते संपल्यावर सगळं वेल्डिंग, ते संपल्यावर रंग. पडद्यावर कामं दाखवणाऱ्या आडव्या रेघा जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या. मी पडदा सरकवत गेले, त्या उतरतच होत्या. माळा तयार व्हायची तारीख पुढच्या वर्षाच्याही पलीकडे गेली. मी मागे घ्यायचं बटण शोधेपर्यंत फाइल आपली आपण साठवली गेली होती, आणि ती बिडकीनच्या लोकांना दिसत होती.

त्यांचा फोन सरांना आला. सर काचेच्या खोलीत आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "ते लोक स्वतः येतायत शेड बघायला. पट्टा पुण्याच्या पार्टीला द्यायचा का, असं चाललंय त्यांचं. तू काय केलंस नक्की?"

मी सांगायचा प्रयत्न केला. लाल माणसापर्यंत पोचले आणि सरांनी हात वर केला. "राहू दे. ते आल्यावर तू चहाचं बघ. बोलू नकोस."

बोलू नकोस हे मला कुणी सांगावं लागत नाही. पण त्या मधल्या दिवसांत मी एक केलं. काचेतून बघत बसायचे तेव्हा जे दिसायचं, ते मनात मांडत गेले. हायड्रा सकाळची कधीच मिळत नाही. पावसाळी हवेत प्रायमर ओलाच राहतो आणि चाचा त्याच्यावर हात फिरवून 'कल' म्हणतात. सणाच्या आधी निम्मी माणसं गावाला जातात आणि सण झाल्यावर एकदम येत नाहीत, येत जातात. नावं सोडून दिली आणि नुसतं हेच धरलं तर एक तारीख निघत होती. ती मी कुठे लिहिली नाही. सरांनी बिडकीनला गणपती उठायच्या आतलं वचन दिलं होतं, ही त्याच्या बरीच पुढे होती, आणि तसं सांगणं म्हणजे पट्टा आपल्या हाताने पुण्याला पाठवण्यासारखं होतं.

पोळा होऊन गेला होता, गणपती यायचे होते, तेव्हा ते आले. एकच साहेब आले, सोबत लॅपटॉप. चष्मा, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलायला अगदी मऊ. सरांनी त्यांना शेड दाखवली. अण्णा मागे हात बांधून चालत होते आणि प्रत्येक गोष्टीला "झालंच समजा" म्हणत होते. मग सगळे काचेच्या खोलीत बसले. मी चहा ठेवला आणि दाराशी उभी राहिले.

साहेबांनी लॅपटॉप उघडला. "मला यांना भेटायचंय," ते म्हणाले आणि पडद्यावरचं माझं नाव वाचलं. "यांच्याइतकं काम करणारा माणूस मी पाहिला नाही. कटिंगपासून गाडी भरण्यापर्यंत सगळं याच करतायत."

अण्णा म्हणाले, "या काय आमच्या मॅडम. पण कागदाचं बघतेत फक्त."

"इथे तर वेल्डिंगपण यांच्या नावावर आहे."

अण्णांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना हे माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ते सरांकडे वळले. "पोरीचं नाव लावलं तुम्ही? ते बी लाल?"

"मी कुठे लावलं!" सर म्हणाले.

"मंग कुणी?"

"अण्णा, तुम्हीच तुमचं काढायला लावलंत ना?"

"माझं काढा म्हनलो. हिचं घाला असं कवा म्हनलो?"

साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना मजा वाटत होती की वैताग येत होता, चष्म्यामुळे मला कळत नव्हतं. त्यांनी लॅपटॉपवर बोटाने टकटक केली. "माझा प्रश्न साधा आहे. माळा कधी मिळणार?"

"गणपती उठायच्या आत," सर म्हणाले.

"त्याच्या बी आधी," अण्णा म्हणाले. "व्हऊन जाईल."

साहेबांनी मान हलवली आणि खुर्ची वळवली. माझ्याकडे. "मॅडम, नाव तुमचं आहे. तुम्ही सांगा."

अशा वेळी काय करायचं ते मला चांगलं माहीत आहे. मोठ्यांकडे बघायचं. मी सरांकडे बघितलं. ते कपाकडे बघत होते. अण्णांकडे बघितलं. ते अजून पडद्यावरच्या माझ्या नावाकडेच बघत होते. मी घाबरले की मला इंग्रजीच सुचतं, आणि इंग्रजीत माझ्याकडे एवढी एकच गोष्ट तयार होती. मी ती तारीख सांगितली. नुसती तारीख आणि महिना.

सरांनी डोळे मिटले.

अण्णा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागले. मोजता मोजता थांबले. "पोळ्याची अवस गेली, ही पुढची अवस. अगं, सर्वपित्री हाय ती!"

मला काही कळलं नाही. साहेबांनी फोनमध्ये दिनदर्शिका उघडली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "खरंच की. सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी आमचे मालक नवीन लोखंड गेटच्या आत घेणार नाहीत. त्या दिवशी काय, तो अख्खा पंधरवडा नाही."

"पक्षात कोन घेतंय?" अण्णा म्हणाले. "पितरांचे दिवस."

म्हणजे मी एवढ्या विचारानंतर जी तारीख काढली, ती वर्षातली सगळ्यात नको असलेली होती. ज्या दिवशी घराघरांत गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात त्या दिवशी मी माळा पाठवणार होते. कान इतके तापले की मला वाटलं ते सगळ्यांना दिसत असतील. सॉरी म्हणावं तर कुणाला, हेही समजेना.

"मग दुसरा दिवस धरू," साहेब म्हणाले. "घटस्थापना. चांगला दिवस आहे." आणि त्यांनी ते टाइप केलं.

सरांनी डोळे उघडले. "घटस्थापना?"

"चालेल ना तुम्हाला? मॅडमच्या तारखेहून एकच दिवस पुढे. मालकांनाही आवडेल."

"चालेल की!" अण्णा म्हणाले. "घटाला तर माळा पळत जाईल!"

गणपती उठायच्या आतलं वचन कुणी पुन्हा काढलं नाही. सरांनी नाही, अण्णांनी नाही, आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे साहेबांनीही नाही. ते इतक्या पटकन का मानले, हे कुणीच विचारलं नाही. साहेब गेल्यावर सर खोलीत थांबले. मला वाटलं आता बोलतील. "तुला बोलू नको म्हटलं होतं," ते म्हणाले. मग, "बरं. नाव तुझंच राहू दे सध्या." हे शिक्षा म्हणून होतं की कसं, ते मी विचारलं नाही.

गणपती आले, महालक्ष्म्या बसल्या आणि उठल्या. पक्षात काम कमी होतं असं म्हणतात, पण आमच्या शेडमध्ये उलट झालं. नवं काही सुरू करायचं नसल्यामुळे सगळे जुन्यालाच लागले. हायड्रा रिकामी उभी असायची. चाचांचा प्रायमर वाळला. अण्णांनी त्या काळात मला काही म्हटलं नाही, फक्त दर सकाळी विचारायचे, "आज कितींदा लाल झालीस?" मी खरं सांगायचे. एकदा मी "एकदाही नाही" म्हटलं तर त्यांना ते खरं वाटेना.

घटस्थापनेच्या सकाळी मी पहिल्यांदा बिडकीनला गेले. सर घरच्या घटासाठी थांबले होते. माळ्याचं लोखंड भरलेली गाडी पुढे, मागे मोटारसायकलवर अण्णा आणि वेल्डर, आणि त्यांच्यामागे मी माझ्या स्कूटीवर. कारखान्याच्या गेटला झेंडूची माळ होती. आत गेलो आणि अण्णांनी मोटारसायकल करकचून थांबवली.

जिथे माळा उभा राहायचा होता तिथे फरशी नव्हती. अर्ध्या भागात नुकतंच काँक्रीट ओतलेलं, त्यावर ओली पोती. उरलेल्या अर्ध्यात सळ्या बांधलेल्या आणि मध्ये पावसाचं पाणी साचलेलं. त्यात एक बेडूक होता.

साहेब लगबगीने आले. इस्त्री तशीच नीट. "माळा आलाय, वेळेवर आलाय, हे मी वर कळवतो. फक्त जरा गाडीवरच राहू दे." त्यांनी मला बाजूला, गाडीच्या सावलीत यायला सांगितलं. अण्णा न बोलावताच मागोमाग आले.

"मॅडम, एक छोटी गोष्ट," साहेब म्हणाले. आवाज आणखी मऊ झाला होता. "फाइलमध्ये आमच्या फरशीचीही ओळ आहे. ती लाल दिसायला लागेल आता. तिथे नाव नाही कुणाचं, आमच्याकडे ते जरा नाजूक आहे. तुमचं तर सगळीकडे आहेच. त्या ओळीलाही तुमचंच टाकलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. पट्ट्याचं मी बघतोच आहे."

पट्ट्याचं ते बघत होते. म्हणजे माझ्या टेबलाचंही. त्यांनी ते उघड म्हटलं नाही, पण शेवटचं वाक्य तिथे का होतं ते मला समजलं. माझं नाव इतक्या ओळींवर होतंच, अजून एकीने काय झालं असतं? मी खरोखर हो म्हणणार होते. पण फरशी मी कशी करणार, हे मला दिसेना. काचेतून मी काँक्रीट कधी बघितलं नव्हतं. ते किती दिवसांनी वाळतं हेही मला माहीत नव्हतं. आणि नाव लिहायच्या आधी मी सगळ्यांना जे विचारत आले होते, तेच तोंडातून आलं.

"फरशी कोण करतंय? तुमचं नाव लिहू का?"

मी टोमणा मारला नव्हता. मला खरंच माहीत हवं होतं. मागे अण्णा इतक्या मोठ्याने हसले की ड्रायव्हरने गाडीतून डोकं बाहेर काढलं.

"लिव्ह, लिव्ह!" अण्णा म्हणाले. "घ्या साहेब, आता तुम्ही बी व्हा लाल. काय होत नाय. आम्ही झालतो. एक सकाळ वाईट जाते फक्त."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे," ते म्हणाले. "रिकामंच राहू दे." आणि ओल्या पोत्यांकडे चालू लागले.

परत येताना मी सगळा रस्ता विचार करत होते, की मी पट्टा घालवला. शेडमध्ये आल्यावर अण्णांनी सरांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, फक्त हसण्याचा आवाज आला. त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. माळा उभा राहिला, फरशी वाळल्यावर. त्या ओळीत अखेरपर्यंत नाव नव्हतं. तरी फाइल साठवली जात होती. त्यांच्या बाजूने ते कसं जमतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर पट्ट्याचं काम आलं. कशामुळे आलं तेही मला ठाऊक नाही. माळा चांगला झाला म्हणून, की आम्ही वेळेवर गेलो आणि ते तयार नव्हते म्हणून, की पुण्याच्या पार्टीने दुसरी तारीख सांगितली म्हणून. सरांना विचारायचं धाडस झालं नाही. ते फक्त दारात आले आणि म्हणाले, "हजेरीच्या मशीनवर तुझा अंगठा घ्यायला सांगितलाय. उद्यापासून लावत जा." आणि गेले. त्या मशीनवर फक्त कायमची माणसं अंगठा लावतात. मशीनने माझा अंगठा चार वेळा नाकारला, मग घेतला.

घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "मी कायम झाले असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे?" आई म्हणाली. "कुणी सांगितलं की नाही?"

"अंगठा घेतला," मी म्हटलं.